झिजवलेली विजार

नवी कोरी विजार झिजलेलीच हवी, असा आग्रह धरणारी आमच्या घरातली ही पहिलीच पिढी! गुडघ्यावरचा तो फिका पट्टा पाहून आमच्या आजीने दुकानदाराचीच कानउघाडणी केली असती. 1949 साली नाव मिळालेल्या उल्हासनगराने, निर्वासितांच्या त्या वसाहतीने, पुढे जीन्समध्ये मोठे नाव काढले. झिजवण्याचाही तिथे धंदा झाला.

जीन्सचे सूत लबाड. नीळ त्याच्या अंगावर बसते, गाभा पांढराच राहतो. वरचा थर खरवडला की कापड जुने दिसते. पूर्वी त्यासाठी धुलाईयंत्रात सच्छिद्र, हलके दगड घालीत.

"सर, आता दगडाचे काम एन्झाइम करते," असे एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले, तेव्हा मॅट्रिकपलीकडे रसायनशास्त्राच्या वाटेला न गेलेला मी कादंबरी बाजूला सारून बसलो.

एन्झाइम म्हणजे आपले विकर. कापूस सेल्युलोजचा, सेल्युलेज हे विकर त्याचीच साखळी तोडते, निळीला बोटही लावत नाही. एरवी हे तुटायला वर्षानुवर्षे लागतील. विकर मधली चढण कमी करते, म्हणून तासाभरात भागते. तंतू तुटला की त्यावरची नीळ गळते, आणि विकर जसेच्या तसे मोकळे होऊन पुढचा दुवा धरते. म्हणून ते थोडकेच पुरते. पाणी फार तापले तर मात्र त्याची घडण विसकटते. काम थांबवायचे असले की कारागीर तेच करतात. (समारंभांत शिक्षकाला उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरक झिजत नाही, हे वक्त्यांना ठाऊक नसावे.)

पण गळलेली नीळ जाते कुठे? अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरात शिरते. धुलाईखान्यांचे रंगीत पाणी तिने वर्षानुवर्षे पोटात घेतले. या नद्यांच्या प्रदूषणाचा खटला राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेला; पुष्कळ धुलाईखाने बंद झाले. माझा विद्यार्थी आता बदलापुरात रिक्षा चालवतो. नदीसाठी मला बरे वाटले. त्याच्या घरी गेलो तेव्हा तसे म्हणवेना.

त्यानेच विचारले, "सर, नीळ खाणारे एन्झाइम नसते का हो?"

असते! बुरशीत सापडणारे लॅकेज निळीचा रेणू मोडते. जीन्सचा रंग उतरवायला ते वापरतातही. सांडपाण्याच्या टाकीत ते स्वस्तात आणि सतत राबवणे मात्र अजून कठीण जाते.