शून्याच्या ठिकाणी

कला शाखेत आलो तेव्हा गणित सुटले म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला होता. पण एक समीकरण अजून माझी पाठ सोडत नाही.

आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा हा रस्ता इतका वळणांचा, की सरळ रेषा आम्हांला फक्त फळ्यावरच दिसायची. जुलै २०२१ च्या पावसात घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद झाला. त्याच पावसात आमच्या घराचे छप्पर गेले. ऑगस्टमध्ये बाबांनी बाजारातल्या एका दुकानदाराकडून ५,००० रुपयांचे पत्रे उधार आणले. व्याज शेकडा दोन रुपये महिना.

वर्षाने फेडायची वेळ आली. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली : चौथ्या महिन्याअखेर ५,८००, नवव्या महिन्याअखेर ६,३००, बाराव्या महिन्याअखेर ६,६००.

मला शाळेतले गुरुजी आठवले. दोन बिंदू मिळाले की रेषा सापडते, तिसऱ्याने तिचा ताळा पाहायचा. य = म × क्ष + क. क्ष म्हणजे महिने, य म्हणजे देणे. पाच महिन्यांत ५०० वाढले, म्हणून म, म्हणजे रेषेचा चढ, १००. चार महिन्यांचे ४०० वजा केले, क आला ५,४००. बारावा महिना घालून पाहिला : १,२०० अधिक ५,४००, बरोबर ६,६००. रेषा चोख होती. पण शून्याच्या ठिकाणी, म्हणजे पत्रे घेतले त्या दिवशी, देणे ५,००० हवे होते. तिथे ४०० जास्त !

माझे डोके तापले. अडाणी माणसाला लुटले म्हणून मी भांडायलाच निघालो. बाबा म्हणाले, "मानसाला चोर म्हनायच्या आधी पुन्ना एकदा बघ."

मी चिडूनच पुन्हा पाहिले. ५,४०० वर शेकडा दोनने महिना १०८ व्हायला हवे होते. चढ तर १०० चाच होता. म्हणजे त्या ४०० वर दुकानदाराने व्याजच घेतले नव्हते. मग ते कशाचे ?

चुलीपुढून आई म्हणाली, "आरं, टेंपोचं भाडं ते. चिखलातनं कोन येत नव्हता, तवा त्यानंच पदरचं दिलं व्हतं."

बाबा विसरले होते. मला तर विचारायचेही सुचले नव्हते.

देकार्तने १६३७ मध्ये बीजगणित आणि भूमिती यांची सांगड घातली, हे पुढे वाचले. आमच्या घरात ती सांगड एका उधारीच्या चिठ्ठीवर पडली. घरातला पहिला शिकलेला म्हणून मला माझ्या आकड्यांचा गर्व होता. आकडे खरेच होते. त्यांचा अर्थ मी घाईने लावला होता. त्या दिवशी मी बाजारात गेलो तो पैसे द्यायला. दुकानदाराने चहा पाजला. तो घोटताना मान वर करवेना.

आता कोणाबद्दल मत बनवताना मी आधी ताळा पाहतो.