अक्षावर कोण बसलंय?

१८ जून
हातांना प्रॉपिऑनिक आम्लाचा वास आहे. साबणाने जात नाही. अ‍ॅडलर-लाँगोंची १९६७ची पद्धत: पायरोल आणि बेन्झाल्डिहाइड समान मोल, उकळत्या आम्लात अर्धा तास. काळ्या राड्यातून गाळणीवर जांभळे स्फटिक येतात. यील्ड वीस टक्क्यांच्या आसपास, बाकी डांबर. लिंडसेंची १९८७ची पद्धत जास्त देते, पण तिला सॉल्व्हंट बादलीने लागतो. साध्या टेट्राफिनाइलपॉर्फिरिनसाठी ही चैन कशाला?

२१ जून
डीएमएफमध्ये फेरस क्लोराइडबरोबर रिफ्लक्स. यूव्ही दिव्याखालची लाल चमक विझली, म्हणजे लोह पॉर्फिरिनच्या वलयात बसलं. अ‍ॅल्युमिना कॉलमवरून ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेली जोडगोळी उतरली. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर हलवून क्लोराइड परत मिळवलं.

२६ जून
ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड पॉलिश केला, नायट्रोजन सोडला. कोरडं डायक्लोरोमिथेन, इलेक्ट्रोलाइट म्हणून ०.१ मोलर टीबीएपी (टेट्राब्युटिलअमोनियम पर्क्लोरेट). (पावसाळ्यात ‘कोरडं’ म्हणायला धाडस लागतं.) क्लोराइडचं लोह-तीन ते लोह-दोन हे क्षपण कॅलोमेलच्या तुलनेत उणे ०.२९ व्होल्टजवळ. सिल्व्हर पर्क्लोरेटने क्लोराइड काढून घेतलं की तेच शिखर अधिक ०.२२ला. वलय तेच, लोह तेच, तरी अर्ध्या व्होल्टचा फरक! ह्यूस्टनच्या कार्ल कॅडिश यांच्या गटाने फ्लोराइडसाठी उणे ०.५० दिलं आहे. ऋणायन लोह-तीनला जितकं घट्ट धरतो, तितकं त्याला इलेक्ट्रॉन देणं अवघड. पर्क्लोरेटची पकड नावालाच.

ज्युनिअर सुका पर्क्लोरेट स्पॅट्युलाने खरवडायला निघाली होती. ओरडले. स्फोट होतो, बाई.

२९ जून
डीएमएसओमध्ये क्लोराइड, ब्रोमाइड, पर्क्लोरेट तिघांची शिखरं जवळजवळ एकाच जागी. ज्युनिअर म्हणाली, “ताई, मशीन बिघडलं का?” मशीन ठीक आहे. सॉल्व्हंटच ऋणायनांना उठवून अक्षावर, म्हणजे वलयाच्या वर-खाली लोहाशेजारी, बसला.

४ जुलै
आज पर्क्लोरेटमध्ये नायट्रोजनवाले लिगँड. एन-मिथाइलइमिडॅझोल भरपूर घातलं की दोन्ही बाजूंनी जोडलं जातं आणि शिखर उणे बाजूला चांगलंच सरकतं. पिरिडिनने त्यामानाने कमी, कारण ते लोह-दोनलाही सांभाळून घेतं. पेशींमध्येही हेच चालतं. सायटोक्रोम सी-मध्ये एका बाजूला हिस्टिडिन, दुसऱ्या बाजूला मेथिओनिन: हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे अधिक ०.२६ व्होल्ट. बी५-मध्ये दोन्हीकडे हिस्टिडिन, आणि आकडा शून्याच्या आसपास. सगळं श्रेय अक्षाला देणार नाही, भोवतीच्या प्रथिनाचाही हात असतो. पण मोठा वाटा अक्षाचाच.

५ जुलै
ग्रुपसाठी तक्ता केला. ‘आयर्न पॉर्फिरिनचं पोटेन्शियल’ असा नुसता स्तंभ खोडून टाकला. अक्षीय लिगँड, सॉल्व्हंट, इलेक्ट्रोलाइट आणि संदर्भ इलेक्ट्रोड हे चारही लिहिल्याशिवाय कुणी त्यात आकडा भरू नये.