सकाळचे रक्त

माणूस स्वतःच्या दुखण्याविषयी बोलू लागला की थांबत नाही, असे म्हणतात. मधुमेहवाला भरल्या ताटावर आपली साखर वाचून दाखवतो; रक्तदाबवाल्यांचे आकडे तर विरारच्या लोकलमध्ये न विचारताही कळतात. पण एका दुखण्याची अशी मैफल भरलेली मी अजून पाहिली नाही. ते दुखणे मला आहे. पुरुषाच्या अंगात जो रस तयार व्हावा, तो माझ्या अंगात पुरेसा होत नाही. गेली चार वर्षे मी तो सुईवाटे बाहेरून घेतो. त्या रसाचे नाव टेस्टोस्टेरॉन.

याविषयी कुणी बोलत नाही याचे नवल नाही. आपल्या भाषेनेच तशी व्यवस्था करून ठेवली आहे. शूर तो मर्द, आणि हिंमत गेली की माणूस खच्ची झाला! हा शब्द आला गोठ्यातून. गोऱ्हा बडवला की त्याचा बैल होतो, मान खाली घालून औत ओढतो, हे ज्ञान शेतकऱ्याला शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी होते. शास्त्रज्ञ आले १८४९ साली. गॉटिंगेनच्या बेर्टहोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा कोंबडे खच्ची केले. काहींच्या पोटात अंडग्रंथी पुन्हा बसवली. ते कोंबडे पूर्ववत आरवले, भांडले. बाकीच्यांचे तुरे सुकले. रक्तातून काहीतरी फिरते, एवढे त्यावरून कळले. पण ते ‘काहीतरी’ बाटलीत धरायला १९३५ साल उजाडले. बैलांच्या सुमारे शंभर किलो अंडग्रंथींतून ॲमस्टरडॅमच्या लाकूर यांच्या मंडळींना ते मिळाले अवघे दहा मिलिग्रॅम. मला एका सुईत अडीचशे मिलिग्रॅम देतात. म्हणजे दर तीन आठवड्यांनी मी केवढा मोठा कळप अंगात रिचवतो, याचा हिशेब करून मी मधूनमधून स्वतःची करमणूक करतो. अर्थात हल्लीचे औषध कारखान्यात बनते. बैलांना त्याची झळ नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. बेचाळिसाव्या वर्षी दोन्ही कामे जड झाली. तिसऱ्या तासाला हातातला खडू वजनदार वाटे. दाढी चार दिवसांनी केली तरी चाले. कादंबरीचा नायक एका पानावर दारात उभा राहिला तो तीन महिने तिथेच उभा होता. त्याला आत घ्यायचे त्राण माझ्यात नव्हते. थायरॉइड पाहून झाले, हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, गोळ्या झाल्या. शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी विचारले, “मास्तर, वयात आल्यावर गालगुंड झाले होते का?”

झाले होते; अठराव्या वर्षी. गाल उतरले आणि सूज खाली गेली. ती कुणाला सांगण्याचे ते वय नव्हते, आणि आठवड्याभरात सारे निवळले. निदान तसे वाटले.

मग रक्त. हे रक्त सकाळीच द्यावे लागते, दहाच्या आत आणि उपाशीपोटी. कारण हा रस पहाटे चढतो आणि दिवस उतरतो तसा उतरतो. शिवाय एका आकड्यावर निकाल देत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या रक्ताची साक्ष काढतात. पहिला आकडा आला १७१. साधारण तीनशेच्या खाली कमी मानतात. दुसऱ्या वेळी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो, तर कागदावर ५.८! मी हबकलो. डॉक्टर हसले. पहिला आकडा नॅनोग्रॅमचा, दुसरा नॅनोमोलचा. अठ्ठावीस पूर्णांक आठने गुणा, म्हणजे १६७ येतील. शेर आणि किलो यांतला हा फरक. तेव्हापासून प्रयोगशाळा एकच ठेवली.

त्याच कागदावर एल. एच. नावाचा आणखी एक आकडा होता आणि तो भलताच चढलेला होता. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते. ती आमच्या मुख्याध्यापकांसारखी. खाली चिठ्ठ्या धाडते, काम करून घेते. खालून काम होईना की चिठ्ठ्या वाढतात. माझ्या मुख्याध्यापकांनी वर्षानुवर्षे चिठ्ठ्यांचा पाऊस पाडला होता आणि वर्गात शिक्षकच नव्हता. चिठ्ठ्याच कमी असत्या, तर दोष वरच्या मजल्यावर शोधावा लागला असता. एका आकड्याने रोग कळतो. दोन आकड्यांनी त्याचे घर कळते.

ते घर सापडले आणि आमच्या घरातले एक जुने कोडे उलगडले. लग्नाला पंधरा वर्षे झाली होती, मूल नव्हते. अशा वेळी लोकांची नजर कुठे जाते हे सांगायला नको. जीवदानीच्या पायऱ्या माझ्या पत्नीने चढल्या, उपास तिने केले, हळदीकुंकवातले टोमणे तिने ऐकले. तिने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, “अहो, आता हे आईंना सांगू या.” मी सांगितले. आई बराच वेळ काही बोलली नाही. पण पुढच्या संक्रांतीला एका बाईने तो विषय काढला, तेव्हा आईनेच तिला गप्प केले. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून जे उघड बोलायला सांगितले, त्याचा एवढासा तुकडा आमच्या ओसरीवर पोहोचायला इतकी वर्षे लागली.

सुई सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी बजावले, “हे औषध मूल देत नाही. उलट बाहेरून रस येतो असे पाहून वरून चिठ्ठ्या बंद होतात आणि बीज तयार होणे थांबते. मुलाची आशा असेल तर आधी ती वाट पाहू.” आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मूल नाही ते नाही. तुम्ही तरी मला पुरते हवेत.” मी आत जाऊन होकार दिला.

सुईची गत वसईच्या खाडीसारखी आहे. पहिले काही दिवस भरती, तिसऱ्या आठवड्यात ओहोटी. म्हणून रक्त तपासायचे ते दोन सुयांच्या बरोबर मध्ये. पण खरी राखण दुसऱ्याच आकड्यांची. या औषधाने रक्त दाट होते. त्याचे माप हिमॅटोक्रिट. ते ५४ च्या वर गेले की औषध थांबवतात. दुसऱ्या वर्षी माझे ५५ झाले. मला तेव्हा फार बरे वाटत होते. नायक घरात आला होता, प्रकरणे भराभर उतरत होती, आणि नेमकी तेव्हाच सुई बंद! रक्त पातळ होईपर्यंत थांबलो; मग मात्रा कमी करून पुन्हा सुरुवात झाली. बरे वाटणे हा पुरावा नव्हे, हे त्या दोन महिन्यांनी शिकवले. शिवाय चाळिशीनंतर प्रोस्टेटसाठी पी. एस. ए. पाहावे लागते. २०२३ साली पाच हजारांहून अधिक पुरुषांवरची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका या औषधाने वाढत नाही असे तीत दिसले. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात गुठळी होणे किंचित वाढलेले आढळले. अभय आहे, पण अटींसह.

परवा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. दंड फुगलेले, सदरा तंग. व्यायामशाळेत कुणी त्याला हीच सुई देत होते. मी विचारले, “बाबा, रक्ताचा आकडा काय होता?” तो म्हणाला, “सर, मला काही झालेलं नाही, रक्त कशाला तपासू?” मी त्याला मुख्याध्यापकांच्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. धडधाकट वर्गात बाहेरून शिक्षक आणून बसवला की आतला आपोआप खडू खाली ठेवतो. मग त्याला पुन्हा उभे करायला महिने लागतात, कधी त्याहून अधिक. त्याने मान हलवली. त्याचे लग्न येत्या वैशाखात आहे. उद्या सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, प्रयोगशाळेच्या दारात ये, असे मी त्याला सांगितले आहे. येईल असे वाटते. शाळेत असताना तो उशिरा येई, पण येई.