दोन्ही येतं म्हणालो!

मी कॉमर्सचा विद्यार्थी, माझं नातं जमाखर्चाशी. पण मामांच्या खत-बियाण्यांच्या दुकानासाठी 'जँगो'त छोटीशी वेबसाइट करायला घेतली आणि मिडलवेअर नावाच्या प्रकरणाशी गाठ पडली.

मिडलवेअर म्हणजे मधला माणूस. आत जाणारी विनंती आणि बाहेर येणारं उत्तर, दोन्ही त्याच्या हातून जातात. पूर्वी कारभार एकाच पद्धतीचा, सिंक्रोनस. खिडकीतला कारकून एक गिऱ्हाईक आटपेपर्यंत दुसऱ्याकडे मान वर करून बघत नाही, तसा. असिंक्रोनस म्हणजे आमच्या स्टँडवरचा चहावाला. दूध तापतंय तोवर चौघांचे पैसे घेऊन मोकळा! 2020 च्या 3.1 आवृत्तीपासून मिडलवेअरला दोन्ही पद्धती शिकवता येतात. ज्याला एकच येते त्याच्यासाठी जँगो स्वतः दुभाष्या नेमतं. थोडा वेळ जातो, पण काम होतं.

मला तो वेळही वाचवायचा होता. 'असिंक_केपेबल'पुढे 'ट्रू' लिहून टाकलं, आतला कोड होता तसाच ठेवला. सिंक्रोनस सर्व्हरवर हे खोटं पचलं. असिंक्रोनस सर्व्हरवर चढवलं आणि पहिल्याच विनंतीला गाडं अडलं. माझ्या हाती उत्तर नव्हे, 'कोरूटिन' आलं होतं, म्हणजे उत्तराचं नुसतं टोकन. आणि मी त्यावरच शिक्का मारायला निघालो होतो.

एरवी हसलो असतो. पण आत्या आठवली.

तिच्या पेन्शनचा कन्नड कागद आला होता. "तुला वाचाय येतंय न्हवं?" तिनं विचारलं. "येतंय की!" मी म्हणालो. बाजारातलं कन्नड मी लहानपणापासून बोलतो, कचेरीतलं निराळं असतं. नंबर आणि शिक्का बघून 'अर्ज पोचला' एवढंच सांगितलं. खालच्या ओळीत हयातीच्या दाखल्याची मुदत होती. तीन महिने पेन्शन अडकली. आत्या मला एका शब्दानं बोलली नाही, हेच जास्त लागलं.

मिडलवेअर दुरुस्त केलं. आता ते आधी तपासतं, पुढचा कोरूटिनवाला आहे का? असेल तर 'अवेट' म्हणून थांबतं, नसेल तर जुनी वाट धरतं. दोन्ही वाटा खरोखर लिहिल्या, तेव्हाच ते 'ट्रू' ठेवलं.

गेल्या महिन्यात आत्याचा आणखी एक कागद आला. तो घेऊन मी कन्नड माध्यमातल्या मित्राकडे गेलो. त्यानं वाचला, आणि मी शेजारी बसून अडलेले शब्द वहीत उतरवून घेतले. सतरा निघाले.