खांदेरीचा दिवा, कोर्लईची वाट

थळच्या किनाऱ्यावरून मचवा निघाला तेव्हा भरती चढत होती. आमच्या गटाचा मार्गदर्शक थळच्याच कोळीवाड्यातला. बेट जवळ येईपर्यंत त्याने इतिहासाचा शब्द काढला नाही. तो पाणी दाखवत राहिला: कुठे खडप आहे, कुठे ओढ आहे. मग उत्तरेकडे बोट करून म्हणाला, "ताई, ती मुंबई. बंदरात शिरायचं तर जहाजाला खांदेरीच्या नजरेसमोरूनच जावं लागतं."

खांदेरी किनाऱ्यापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला काढला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. काम मायनाक भंडाऱ्यांकडे होतं. इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली, तरी मराठ्यांच्या उथळ तळाच्या होड्या रात्रीच्या अंधारात त्या पहाऱ्यामधून रसद पोहोचवत राहिल्या. मोठ्या जहाजांना वाऱ्याची वाट पाहावी लागे, या होड्या वल्ह्यांवर चालत. मार्गदर्शक हे सांगत होता तेव्हा आमचा मचवा डोलत होता, आणि अशा पाण्यात रात्री दिव्याशिवाय दगड-चुना वाहून नेणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटला. शेवटी इंग्रजांनी माघार घेतली. १६८० च्या सुरुवातीला मराठ्यांचा समुद्रावरचा शत्रू सिद्दी कासम याने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, आणि मग दोन्ही बेटं वर्षानुवर्षं एकमेकांवर तोफा डागत राहिली.

धक्क्यावर उतरलं की आधी वेताळाचं देऊळ. कोळी बांधव या देवाला नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाहीत, आम्हीही गेलो नाही. थोडं पुढे तो प्रसिद्ध दगड आहे. लहान दगडाने ठोकला तर धातूसारखा खणखणतो. तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा अजून आहेत, तोंड समुद्राकडे.

दीपगृह १८६७ सालचं, अष्टकोनी मनोऱ्याचं. परवानगी आधीच काढलेली असल्यामुळे वर जाता आलं. दीपगृहांत दिव्यापेक्षा भिंगाचं काम मोठं असतं: काचेच्या लोलकांची वर्तुळं दिव्याभोवती रचलेली असतात, ती चहूकडे फाकणारा उजेड गोळा करून आडव्या झोतात क्षितिजाकडे पाठवतात. ज्या खडकावरून जहाजं अडवली, त्याच खडकावरून पुढे जहाजांना वाट दाखवली गेली. जागा एवढी मोक्याची की दुसरी निवडताच आली नसती.

वरून उंदेरी स्पष्ट दिसते. तट उभा आहे, आत मात्र झाडोरा माजलेला. खांदेरीवर दिव्यासाठी माणसांचा राबता राहिला, म्हणून पायऱ्या आणि वाटा टिकल्या, असं माझं मत आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात खांदेरी आहे. उंदेरी नाही. तिचा इतिहास सिद्दींचा आहे हे खरं, पण खांदेरीची लढाई समजून घ्यायची तर उंदेरीशिवाय ती अर्धीच कळते. तिथली झाडी हटवून उतरायची सोय व्हायलाच हवी.

किनाऱ्यावर परतल्यावर ओहोटीला कुलाबा किल्ला चालत जाऊन पाहिला. चुन्याशिवाय एकावर एक रचलेल्या त्या अवाढव्य दगडांच्या फटींत लाटा आपला जोर जिरवतात, तट तसाच उभा राहतो.

कोर्लईला पोहोचायला दुपार झाली. इथे दीपगृहाच्या आवारातूनच किल्ल्याची वाट चढते. चढ दमवणारा, पण माथ्यावर तीन बाजूंनी पाणी: एकीकडे खुला समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे रेवदंडा. हा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला आणि जवळजवळ दीडशे वर्षं राखला, मग तो मराठ्यांकडे आला. अरुंद सोंडेवर एकामागून एक दरवाजे आहेत. एक पडला तरी शत्रूपुढे दुसरा उभाच. छप्पर हरवलेल्या चर्चच्या भिंतींच्या आत उभं राहून मी बराच वेळ तिथला शिलालेख न्याहाळला.

आणि याच किल्ल्याच्या पायथ्याशी, कोर्लई गावातली ख्रिस्ती कुटुंबं घरात आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली आपली वेगळी बोली बोलतात. तोफा थंडावून पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, बोली जिवंत आहे. आमच्या फेरीत गावासाठी वेळच ठेवलेला नव्हता. निघताना मी मार्गदर्शकाला म्हटलं, "दादा, पुढच्या गटाला किल्ल्यावर अर्धा तास कमी द्या, पण गावात घेऊन जा." त्याने लगेच मान डोलावली आणि गावातल्या ओळखीच्या घरी फोन लावला.