मुक्त आणि फुकट

विद्येचा विक्रय करू नये, हा संस्कार आमच्या घरात तीन पिढ्यांचा आहे. आमचे आजोबा दारव्ह्यास असताना गरीब विद्यार्थ्यांस घरी ठेवून संस्कृत शिकवीत आणि कोणाकडून पैही घेत नसत. वेतन ठरवून शिकविणाऱ्यास मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीस अपात्र ठरविले आहे, हे ते वारंवार ऐकवीत. पुढे आमचे वडील शाळामास्तर झाले, आणि आम्हीही तीस वर्षे शाळेचा पगार घेऊन सांप्रत निवृत्तिवेतनावर जगत आहोत. म्हणजे तो संस्कार आम्ही दोन पिढ्या केवळ तोंडाने पाळला, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

यवतमाळातील एका जुन्या वाचनालयाचे आम्ही कार्यवाह आहोत. तेथील नोंदवह्या जीर्ण झाल्या होत्या. पुस्तक आहे की हरवले, हे शोधण्यात ग्रंथपालबाईंचा अर्धा दिवस जाई. आमचा पुतण्या पुण्याची नोकरी सोडून गावी परतला होता. त्याने 'कोहा' नावाची ग्रंथालयाची आज्ञावली वाचनालयाच्या संगणकावर बसविली, अडीच महिने रोज संध्याकाळी बसून हजारो पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत घातल्या, बाईंना सारे शिकविले, आणि बिल दिले. बिलात एकच ओळ होती : 'ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर, किंमत तीस हजार रुपये.' आम्ही त्याच दिवशी त्यावर सही केली. घरातल्या मुलाला चार पैसे मिळाले याचा आनंद त्या सहीत होता, हे आता लपविण्यात अर्थ नाही.

पंधरा दिवसांनी ग्रंथपालबाई अमरावतीस एका प्रशिक्षणवर्गाला जाऊन आल्या. त्या आमच्या घरी आल्या, चहासुद्धा घेईनात, आणि खाली पाहत म्हणाल्या, "सर, ते सॉफ्टवेअर कोणालाही फुकट मिळते म्हणतात. सभासदांनी विचारले तर मी काय सांगू?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर सारे घर जमले. थोरल्या बंधूंनी एका वाक्यात निकाल दिला : "लोकांनी दान दिलेली वस्तू विकणे म्हणजे देवळातला प्रसाद विकणे!" वहिनी काही बोलल्या नाहीत. पुतण्या मात्र शांतपणे म्हणाला, "काका, मी कोणता नियम मोडला तेवढे दाखवा."

आम्ही शोध घेतला, आणि तो खरे बोलत होता. या चळवळीचे आद्य प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी स्वतः १९८५ च्या सुमारास आपल्या 'ईमॅक्स' या आज्ञावलीच्या फिती दीडशे डॉलरला एक याप्रमाणे टपालाने विकल्या होत्या. १९८९ साली त्यांनी जो सार्वजनिक परवाना सिद्ध केला, त्यात विक्रीस मुळीच मनाई नाही. अट एवढीच, की घेणाऱ्यास आज्ञावलीचे मूळ लिखाण मिळाले पाहिजे, आणि ते वाचण्याचा, बदलण्याचा व पुढे देण्याचा जो हक्क विकणाऱ्यास मिळाला तोच घेणाऱ्यासही मिळाला पाहिजे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने दोन्ही अर्थ निघतात, म्हणून स्टॉलमन यांस आयुष्यभर खुलासे करीत बसावे लागले. आपली भाषा याबाबतीत भाग्यवान आहे. तिच्यात 'मुक्त' निराळे आणि 'फुकट' निराळे.

'कोहा'चा इतिहासही बोधप्रद आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाची जुनी आज्ञावली २००० साल उजाडताच कोलमडणार होती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी तेथल्याच एका लहान कंपनीकडून, अर्थात पैसे देऊन, स्वतंत्र आज्ञावली लिहून घेतली, आणि २००० साली ती जगाला मोकळी करून दिली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे पाहुण्याने यजमानास द्यावयाची भेट; पण ती निव्वळ दान नव्हे, तिच्यात परतफेडीची जाणीव असते. वाचक भगिनींस हे समजावून सांगावयास नको. आपल्याकडे त्याला आहेर म्हणतात, आणि परतीचा आहेर विसरणाऱ्या घराचे नाव कसे निघते, हे सर्वांस ठाऊक आहे. २०११ साली 'कोहा' हे नावच एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचे होऊ पाहत आहे असे दिसताच त्या लहानशा ग्रंथालयाने जगभर मदतीची हाक दिली, आणि पुढे कंपनीची मागणी नामंजूर झाली. कंपनी त्या आज्ञावलीवर व्यवसाय करी, याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती नाव बळकावण्याची.

इतके दूर कशाला जावे? आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या भातात काही निराळ्या लोंब्या पाहिल्या, त्या जपल्या, वाढविल्या, आणि ते बियाणे मागेल त्यास दिले. तोच पुढे प्रसिद्ध पावलेला 'एचएमटी' तांदूळ. तो विकून व्यापारी सधन झाले. १९९८ साली कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यावरून आपले वाण प्रसिद्ध केले. दादाजींस मात्र श्रेयासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. २०१८ साली ते वारले. तांदूळ विकणे हे पाप खचित नव्हे. तो कोणाच्या हातून आला हे न सांगणे, हा दोष होय.

हे सारे ध्यानी आल्यावर आम्ही पुतण्यास पुन्हा जवळ बसविले. "तू पैसे घेतलेस याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण बिलात 'सॉफ्टवेअरची किंमत' असे का लिहिलेस? मेहनत केलीस, तर मेहनत का लिहिली नाहीस?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मेहनत लिहिली असती तर मंडळाने पाच हजारही दिले नसते, काका. लोक वस्तूचे पैसे देतात. संगणकापुढे बसणे याला आपल्याकडे काम समजत नाहीत."

हे बोल आम्हांस झोंबले, कारण ते खोटे नव्हते. पाठ शिकवून घ्यावा, पत्रिका बघून घ्यावी, अर्ज लिहून घ्यावा, आणि वर 'तुमचे काय जाते?' असे म्हणावे, ही आपल्या घराघरांतली रीत. ज्ञान फुकट हवे असणारेच ज्ञानवंतास खोटे बिल लिहावयास शिकवितात. तथापि यामुळे पुतण्याचा अपराध नाहीसा होत नाही, आणि डोळे मिटून सही करणाऱ्या कार्यवाहाचा तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नवे बिल केले. पहिली ओळ : 'कोहा, किंमत शून्य, ही आज्ञावली कोणासही विनामूल्य उपलब्ध आहे.' त्याखाली मांडणी, नोंदी, शिक्षण आणि वर्षभराची देखभाल यांचे निरनिराळे आकडे. बेरीज तीच, तीस हजार. संगणकाच्या किल्ल्या, म्हणजे सर्व पासवर्ड, आणि नोंदींची संपूर्ण प्रत त्याने बाईंच्या हवाली केली, की उद्या दुसऱ्या कोणास काम द्यावयाचे झाल्यास वाचनालय त्याच्यावाचून अडू नये.

कार्यकारी मंडळाच्या सभेत आम्ही पहिल्या सहीची हकीकत सांगितली आणि या विषयापुरते बाजूला बसलो. दोन तास चर्चा झाली. एका सदस्यांनी विचारलेच, "वस्तू शून्य रुपयांची, तर तीस हजार कशाचे?" अखेरीस पंचवीस हजार मंजूर झाले. खरे सांगितल्याबद्दल पाच हजार गेले, असे पुतण्या घरी येऊन हसत म्हणाला. आम्हांस हसू आले नाही. ते पाच हजार आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून द्यावयास निघालो, तेव्हा वहिनी प्रथमच बोलल्या : "भावजी, ते त्याला देऊ नका. मंडळाला मेहनतीची किंमत कळेपर्यंत दर सभेत मागत राहा." पुढील सभा येत्या महिन्यात आहे.