कला, काला आणि काळा

जैन घरात पत्ते म्हटलं की भुवया वर जातात. सप्तव्यसनांच्या यादीत पहिलंच नाव जुगाराचं. आमच्या सासूबाई तर मुलांनी सुटीत मांडलेला बदामसातचा डावसुद्धा चालू द्यायच्या नाहीत. त्याच घरात आता माझा बेंगळूरचा नातू मे महिन्यात डबे भरून पत्ते आणतो आणि सोप्यात पसरून बसतो. यात बदाम नाही, इस्पिक नाही. एका पत्त्यावर राक्षस, दुसऱ्यावर मंत्र, तिसऱ्यावर नुसता डोंगर.

खेळाचं नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञानं तो रचला, १९९३ साली तो बाजारात आला. प्रत्येकानं किमान साठ पत्त्यांचा आपला जोड स्वतःच जमवायचा. सुरुवातीला प्रत्येकाला वीस प्राण, आणि समोरच्याचे ते शून्यावर आणले की आपण जिंकलो. पत्ते मात्र संपत नाहीत, कारण दरवर्षी नवे संच निघतात आणि बहुतेक संचांची एक वेगळी दुनिया असते. मूळ खेळानंतरचा पहिला पुरवणी संच अरबी कथांवरचा होता. पाकीट फोडेपर्यंत आत काय निघेल ते कळत नाही, एखादा दुर्मीळ पत्ता निघाला की पोरं नाचतात. सासूबाई असत्या तर यालाही जुगारच म्हणाल्या असत्या, आणि त्यांना खोडून काढणं मला जमलं नसतं.

तरी एका संचानं मला त्या सोप्यात बसवलं. ३० सप्टेंबर २०१६ ला निघालेला, २६४ पत्त्यांचा. त्याची दुनिया आपल्या भारतावरून कल्पिलेली. घिरापूर नावाचं शहर, तिथं शोधकांची मोठी जत्रा, पितळी जाळीकामाची उडती यंत्रं, नक्षीदार चाकांची वाहनं. खेळणारा ऊर्जा साठवतो आणि लागेल तशी खर्च करतो. वाहनाचा पत्ता एकटा काही कामाचा नाही, ते चालवायला आपल्याकडचा कुणीतरी जुंपावा लागतो. आमच्या ह्यांनी उद्यमबागेत लेथवर जन्म काढला. ते चष्मा वर करून म्हणाले, "हे बरोबर हाय बघ. मशीन आणलं आणि माणूस नसला तर गंजतंय की."

मला त्यातल्या बाया आवडल्या. सहेली राय धातूचे जिवंत वाटावेत असे प्राणी घडवते. रश्मी संशोधक आहे. ओविया पशिरी म्हातारी आहे, आणि म्हातारी असून हातानं काहीतरी घडवते. नाहीतर गोष्टीतल्या म्हाताऱ्या नुसत्या आशीर्वाद देतात! चंद्रा ही आगीची जादू जाणणारी पोर. आई मेली असं समजून ती वाढली, आणि त्या जत्रेत आई दिसली ती सरकारविरुद्ध उठलेल्यांची पुढारी म्हणून. आईचं नाव पिया. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या पुढच्या संचात त्या उठावाचीच गोष्ट आहे.

या दुनियेचं नाव ठेवलं होतं 'कलादेश'. किती छान, असं मला वाटलं. कलेचा देश. पण ते नाव छापलेलं होतं इंग्रजी अक्षरांत. तिथं कला, काला आणि काळा यांची स्पेलिंगं सारखीच होतात. हिंदी बोलणाऱ्याच्या कानाला ते 'काला देश' लागतं, म्हणजे काळ्यांचा देश. सावळ्या माणसांची चित्रं, वर हे नाव. पुढं कंपनीनं ते बदललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये शर्यतींचा एक नवा संच आला, त्यात हीच दुनिया 'आविष्कार' या नावानं आली. गोष्टीतच तशी सोय केली : उठाव झाला, जुनी सत्ता गेली, नवं नाव आलं. जुन्या पाकिटांवर अर्थात जुनंच नाव राहिलं.

नातू म्हणाला, "आज्जी, हिंदीत आविष्कार म्हणजे इन्व्हेन्शन." आपल्या मराठीत त्याला शोध म्हणतात. मराठीत आविष्कार म्हणजे आत असलेलं बाहेर प्रकट होणं, जसा गाण्यातला आविष्कार, अभिनयातला आविष्कार. मला आपला मराठी अर्थ जास्त आवडला.

नावांचं आम्हा सीमाभागातल्या लोकांना कुणी शिकवायला नको. किल्ल्यातली कमल बस्ती उभी राहिली त्या काळी या गावाला वेणुग्राम म्हणत. इंग्रजांनी बेलगाम केलं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. आम्ही घरात बेळगाव म्हणतो. या नावावरून इथं किती डोकी फुटली ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की मराठी बेळगावात ळ आहे आणि कन्नड बेळगावीतही ळ आहे. तो गळतो बाहेरच्यांच्या तोंडी. एकदा इंदूरच्या आमच्या विहिणी हसत म्हणाल्या, "बेलगाम म्हणजे लगाम नसलेलं!" त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते लागलं, आणि अजून आठवतं.

मनात काही नव्हतं, हे वाक्य आपण बायका फार वापरतो. माझी भाची मेकॅनिकल इंजिनियर आहे. लहानपणापासून घरात सगळे तिला काळू म्हणतात, लाडानं. लाड खराच आहे, मी साक्षीला आहे. पण तिला पाहायला येणाऱ्यांकडून तीनदा निरोप आला तो असा : "मुलगी हुशार आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढं कुणी बोलत नाही. तिसऱ्या वेळी ती आईला म्हणाली, "आधी तुम्ही काळू म्हणायचं थांबवा. मग त्यांना काय सांगायचं ते मी बघते." माझी बहीण दुखावली. "अगं, मी मायेनं म्हणते की!" म्हणणारीची माया आणि ऐकणारीचा कान, दोन्ही खरे. पण घाव कुठं बसला ते ऐकणारीलाच ठाऊक. लांब अमेरिकेतल्या पत्त्यांच्या कंपनीला हे उमगलं, आणि आपण घरातल्या घरात अडून बसतो.

गंमत म्हणजे त्या खेळातही रंगांना फार महत्त्व आहे. पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा असे पाच. पांढरा शिस्तीचा, निळा ज्ञानाचा, काळा स्वतःच्या महत्त्वाकांक्षेचा, लाल भावनेचा, हिरवा निसर्गाचा. नातू समजावत होता तेव्हा मला बस्तीतलं लेश्यांचं चित्र आठवलं. फळांनी लगडलेलं झाड आणि भुकेली सहा माणसं. एक झाड मुळापासून पाडायला निघालेला, तो कृष्ण लेश्येचा. खाली पडलेलीच फळं वेचणारा शुक्ल लेश्येचा. तिथंही काळा खालचा आणि पांढरा वरचा, हे मी नाकारत नाही. पण तो रंग मनाच्या परिणामांचा आहे, आणि घटकेत बदलणारा आहे. चित्रातल्या सहाही माणसांच्या कातडीबद्दल शास्त्र एक अक्षर बोलत नाही. ते बोलणं आपण स्थळं बघताना सुरू केलं.

आमच्या समाजाच्या वधू-वर पुस्तिकेच्या अर्जात 'रंग' असा रकाना होता. भाचीनं गेल्या खेपेला त्यात 'निळा' असं लिहून दिलं. नातवाला विचारून! छापणाऱ्यांना वाटलं चूक झाली, त्यांनी फोन केला. "चूक नाही," म्हणाली, "तसंच छापा." त्यांनी रकाना कोराच ठेवला.

त्यानंतरच्या महिला मंडळाच्या बैठकीत मी तो रकाना काढायची सूचना मांडली. एक बाई म्हणाल्या, "नावापुरता तर आहे, राहू दे की." दुसऱ्या म्हणाल्या, "विचारतातच, मग लपवायचं कशाला?" तासभर चर्चा झाली, चहा दोनदा झाला. शेवटी सात विरुद्ध पाच मतांनी रकाना गेला. विरोधातल्या पाचांपैकी तिघींच्या घरी लग्नाची मुलगी आहे. त्यांची भीती मला कळते.

यंदाची पुस्तिका आली आहे. रकाना नाही. पण 'इतर माहिती'त अकरा जणींनी 'गोरी' लिहिलं आहे, मी मोजलं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणार आहे.